देवमाशाचा श्वास



ज्यांच्या स्मरणार्थ ग्वाल्हेरची आपली ही शाळा व्याख्यान योजते, ते गुरुजी विज्ञान शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकविले. तेव्हा आजचा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा आहे, हे प्रथमच मान्य करतो. तो निवडण्यास एक जुने ऋण कारण झाले. महाविद्यालयात जाण्यापूर्वी काही वर्षे मी याच शाळेत व्याकरण शिकवीत असे. एका परीक्षेत मी ‘देवमासा’ या सामासिक शब्दाचा विग्रह विचारला. एका मुलाने विग्रह लिहून पुढे जोडले, ‘पण हा मासा नव्हे.’ मी ते वाक्य तांबड्या शाईने खोडले आणि अर्धा गुण कापला. गुरुजींच्या दृष्टीस ती उत्तरपत्रिका पडली. ते एवढेच म्हणाले, “अहो मास्तर, तुम्ही शब्द तपासलात. पोराने प्राण्याविषयी लिहिले होते.”

त्या मुलाचे म्हणणे फार जुने होते, हे मला पुढे वाचनातून कळले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवले की, डॉल्फिन आणि देवमासा यांना कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. ते हवा घेतात, पिलांना जन्म देतात आणि दूध पाजतात. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन पाण्याखाली गुदमरून मरतो, हेही त्याने नोंदविले आहे. पाण्यात राहणारा प्राणी पाण्यातच गुदमरतो, याहून स्पष्ट पुरावा तो कोणता? तरीही पुढे सुमारे दोन हजार वर्षे विद्वानांनी या प्राण्यांना माशांच्याच पंक्तीत बसविले.

१६८० साली लंडनमध्ये एडवर्ड टायसन याने पोरपॉइज या डॉल्फिनसदृश प्राण्याचे आपले विच्छेदन प्रसिद्ध केले. बाहेरून मासा दिसणारा हा जीव आतून चतुष्पादासारखा आहे, असे त्यास आढळले. खुद्द लिनियसने १७३५ च्या आपल्या वर्गीकरणात देवमासा माशांतच घातला होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत मात्र त्याने आपली चूक सुधारली व फुप्फुसे, उष्ण रक्त आणि दूध पाहून त्याला सस्तन प्राण्यांत नेले.

शास्त्राचा निवाडा झाला. न्यायालयाचा व्हावयाचा होता. माशांच्या तेलाची सरकारी तपासणी करून शुल्क द्यावे, असा न्यूयॉर्क राज्यात कायदा होता. सॅम्युअल जड नावाच्या व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलावर ते देण्याचे नाकारले, कारण त्याच्या मते देवमासा हा मासाच नव्हे. १८१८ च्या डिसेंबरात खटला उभा राहिला. सॅम्युअल मिचिल या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाने साक्षीत सांगितले की, देवमासा आणि मनुष्य एकाच वर्गाचे. ज्यूरीने थोड्याच वेळात निर्णय दिला: देवमासा हा मासाच! जडला ७५ डॉलरांचा दंड झाला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा सुधारून देवमाशाचे तेल वगळले. त्या ज्यूरीला मी हसू शकत नाही. माझ्या लाल शाईने निराळे काय केले होते?

आता या श्वासाची रचना पाहू. देवमाशाच्या नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर सरकलेल्या असतात. दात असलेल्या जातींत बाहेरून एकच छिद्र दिसते, तर दातांऐवजी झालरीसारखी पाती असणाऱ्या जातींत दोन. हे छिद्र स्वभावतः मिटलेले असते. स्नायूंनी ओढावे तेव्हाच ते उघडते. आपल्या चित्रांत त्यातून पाण्याचे कारंजे उडते. वस्तुतः तो जोराने सोडलेला उच्छ्वास असतो. त्यातील बाष्प गार हवेत धुक्यासारखे दिसते आणि छिद्राजवळचे थोडे पाणी त्यासोबत उडते. आपण साध्या श्वासात फुप्फुसांतील हवेचा लहानसा अंश बदलतो. देवमासा एका दमात बहुतेक सारी हवा बदलू शकतो.

मात्र खोल बुडीचे रहस्य फुप्फुसांत नाही. १९४० साली पेर शोलांडर या शास्त्रज्ञाने बुडी मारणाऱ्या प्राण्यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बुडीत हृदयाचे ठोके मंदावतात, स्नायूंकडे जाणारे रक्त आखडते आणि मेंदू व हृदय यांचा पुरवठा राखला जातो. खोलीवरील दाबाने फुप्फुसांतील वायुकोश मिटतात आणि उरलेली हवा कूर्चेने बळकट केलेल्या श्वासमार्गात ढकलली जाते, असेही त्याने मांडले. त्यामुळे रक्तात नायट्रोजन फारसा उतरत नाही. कित्येक सील तर बुडीपूर्वी श्वास सोडूनच देतात. प्राणवायूचा खरा साठा असतो तो रक्तात आणि स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनात. स्पर्म व्हेलच्या स्नायूंत ते इतके विपुल असते की, जॉन केंड्रू याने प्रथिनाची त्रिमितीय रचना शोधण्यासाठी तेच निवडले. १९५८ साली ती रचना प्रसिद्ध झाली आणि १९६२ साली त्यास मॅक्स पेरुट्झसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत क्यूव्हिएचा चोचदार देवमासा २२२ मिनिटे पाण्याखाली राहिल्याचे दिसते.

मित्रहो, यासाठी समुद्रावरच जावयास हवे असे नाही. आपल्या चंबळेच्या खालच्या पात्रात गंगेतील डॉल्फिन आहे. लोक त्याला सूंस म्हणतात. संस्कृतातील ‘शिशुमार’ हा त्याचा पूर्वज शब्द. तोच शब्द मराठीत ‘सुसर’ होऊन मगरीच्या कुळाकडे गेला. २००९ साली सूंस हा आपला राष्ट्रीय जलचर प्राणी ठरला. तरी मासे धरण्याच्या जाळ्यात अडकून, वर येता न आल्याने, तो आजही गुदमरून मरतो. जे अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवले, तेच आपल्या नद्यांत घडत आहे. हा मासा नव्हे, हे जाणणे म्हणजे त्याला श्वासासाठी वर यावेच लागते, हे जाणणे होय.

‘देवमासा’ हा शब्द बदलावा, असे मी म्हणत नाही. शब्द सुंदर आहे, तो राहावा. मात्र तो शिकविताना त्या मुलाचे वाक्य जोडून सांगावे, एवढी शिक्षकांस विनंती आहे. तो अर्धा गुण मी त्यास नंतर दिला नाही. वर्ष सरले, मुले पांगली. आज गुरुजींच्या स्मृतीसमोर तो देतो आणि आपली रजा घेतो.