बेळगावचा नांगर आणि गिऱ्हाइकाची घडण

ज्या वस्तूची गरज लोकांना अजून जाणवलेली नाही, अशी वस्तू तुटपुंज्या भांडवलावर विकणाऱ्या उत्पादकापुढे दुहेरी काम असते, कारण त्याला वस्तू घडवावी लागते आणि ती वापरू शकेल असे गिऱ्हाईकही घडवावे लागते. बेळगाव-निपाणी भागात या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण किर्लोस्कर बंधूंच्या धंद्यात सापडते. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या ज्या गुर्लहोसूरचे, त्याच गावी 1869 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. रंगभूमी आणि कारखानदारी या दोन्हींना एकाच लहानशा गावाने माणसे द्यावीत, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला असताना, 1888 मध्ये, बेळगावात सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. सायकल तेव्हा बेळगावसारख्या छावणीच्या गावातही नवलाची वस्तू होती आणि ज्याला तोल सावरता येत नाही तो ती विकत घेणे अशक्य होते. म्हणून रामूअण्णा सायकल चालवायलाही शिकवत. विक्रीच्या दृष्टीने पाहिले तर ही शिकवणीच दुकानाची खरी जाहिरात होती, कारण रस्त्यावर धडपडत शिकणारा प्रत्येक जण बघ्यांपुढे सायकलीचे प्रात्यक्षिकच करत असे.

नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावी परतल्यावर कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर, 1903 च्या सुमारास, लोखंडी नांगर तयार होऊ लागले. कडबाकापणीचा फायदा गोठ्यात लगेच दिसे, कारण जनावर जाड ताटे टाकून देते पण बारीक तुकडे खाऊन टाकते. नांगराचे तसे नव्हते. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर, म्हणजे वर्षाच्या धान्याच्या वाट्यावर, घडवून आणि दुरुस्त करून देई, तर लोखंडी नांगराला रोख रक्कम मोजावी लागे आणि फाळ झिजला की कारखान्याकडे पाहावे लागे. शिवाय लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पक्की होती. पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. या समजुतीला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे तो आपल्या शेतावर दुसऱ्याचा प्रयोग सहजी होऊ देत नाही. हरळी-कुंद्याने जखडलेली काळी जमीन खोल उलथून निघते, हे शेजारच्या बांधावर दिसल्याखेरीज छापील हस्तपत्रकाचा फारसा उपयोग नव्हता.

पुढे नगरपालिकेच्या विस्तारयोजनेमुळे बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने 1910 मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथून 1920 मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची व मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणारे हे गृहपत्र, म्हणजे उद्योगाने स्वतःच चालवलेले नियतकालिक, होते. शंकरराव स्वतः चित्रकार असल्याने त्याला रूपही लाभले. काही वर्षांत त्यातली ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ हे सर्वसामान्य वाचकांचे मासिक उरले, आणि 1930 मध्ये त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आले.

ही चाल पुढे अगदी वेगळ्या मालाच्या बाबतीतही दिसते. अमेरिकेत 1974 मध्ये निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पहिला व्यावसायिक भूमिका-खेळ. यात प्रत्येक खेळाडू एखादे पात्र होऊन संवाद, नियम आणि फाशांच्या आधारे कथा पुढे नेतो. त्याच्या पहिल्या छपाईच्या प्रती जेमतेम 1000 होत्या आणि त्या हातांनी जुळवून पेट्यांत भरल्या गेल्या. हा खेळ नुसता वाचून नीट उमगत नसे, जाणत्या माणसाबरोबर बसून शिकावा लागे, त्यामुळे शिकणारा पुढे शिकवणारा होई. प्रकाशकांनी 1975 मध्ये एक लहानसे वार्तापत्र काढले आणि त्यातूनच पुढल्या वर्षी ‘ड्रॅगन’ हे मासिक निघाले. खबरेचे मासिक होणे किर्लोस्करवाडीच्या माळावर अर्धशतक आधीच घडून गेले होते.

1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव आणि निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. सायकलींचे दुकान होते ते गाव सीमेच्या अलीकडे आणि कारखाना पलीकडे, अशी या इतिहासाची वाटणी झाली.