थंड पाण्याच्या गावी जाण्यापूर्वी

प्रवासाची तयारी म्हणजे ट्रंक भरणे, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. कपडे आदल्या रात्रीही भरता येतात. गाव मात्र आधीपासून मनात भरून घ्यावे लागते. येत्या जुलैत नैरोबीला जावयाचे ठरवल्यापासून मी तोच उद्योग करीत आहे, आणि कोणता दिवस कोठे घालवावा याचा माझा आराखडा इतिहासानेच पुनःपुन्हा बदलावयास लावला आहे.

आफ्रिका आणि विषुववृत्त हे दोन शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याला घाम फुटतो. नैरोबी विषुववृत्ताच्या दक्षिणेस जेमतेम सव्वा अंशावर आहे, हे खरेच. परंतु ते समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांहूनही उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा हजार फुटांहून अधिक वर वसलेले आहे. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर लहान पाऊस, आणि जुलै-ऑगस्टात ढगाळ आभाळ व गारठलेल्या सकाळी, असे तेथील वर्ष. तेव्हा छत्रीपेक्षा स्वेटर महत्त्वाचा. मसाई लोकांनी या पाणवठ्याला ‘एन्कारे नैरोबी’ म्हटले. त्याचा अर्थ थंड पाणी. शहराने ते विशेषणच तेवढे उचलले आणि पाणी मागे ठेवले!

सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र येथे शहर नव्हते. मसाईंची गुरे या पाण्यावर येत आणि शेजारच्या उंचवट्यांवर किकुयू लोक शेती करीत. १८९६ साली इंग्रजांनी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकावयास घेतली. १८९९ च्या मे महिन्याअखेर रूळ या दलदलीपाशी पोचले. पुढे खचदरीच्या काठाकडे जाणारा अवघड चढ होता. त्याआधीची ही शेवटची सपाट जागा. पाणी मुबलक आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना मानवेल अशी हवा! एवढ्या भांडवलावर येथे तंबू, यार्ड आणि कारखाना उभा राहिला. गाव वसवावे म्हणून कोणी ही भूमी निवडली नाही. इंजिनाला विसावा हवा होता. १९०१ च्या अखेरीस रूळ सरोवरापर्यंत गेले, तळ मात्र येथेच मुरला आणि काही वर्षांत वसाहतीची राजधानी झाला.

या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास मृत्यू पावले, हजारो जायबंदी झाले. बरेचसे करार संपताच परतले आणि सहा-सात हजार तेथेच राहिले. १८९८ साली त्सावोच्या पुलावर सिंहांनी मजूर ओढून नेले, ती कथा जगाला ठाऊक आहे. तापाने, आमांशाने आणि जखमा चिघळून जे गेले, त्यांच्यावर कोणी रोमांचक पुस्तक लिहिले नाही. म्हणून विमानाने थेट नैरोबीत उतरण्याचा बेत मी रद्द केला. आधी मोंबासा, आणि तेथून आगगाडी. २०१७ साली नवा रुंद मार्ग सुरू झाल्यापासून हा प्रवास पाच-सहा तासांचा झाला आहे. समुद्रापासून पठारापर्यंतची ती चढण डोळ्यांखालून गेल्यावाचून नैरोबी का झाले हे कळावयाचे नाही. पहिला दिवस जुन्या स्थानकाजवळच्या रेल्वे संग्रहालयाला दिला आहे.

दुसरा दिवस जुन्या बाजारपेठेचा. रेल्वेमागोमाग आमचे दुकानदार गेले, गोव्याचे कारकून, शिंपी आणि स्वयंपाकी गेले. १९२० पर्यंत तेथे आपला रुपयाच चालत असे. ‘पेसा’ आणि ‘गारी’ हे आपले शब्द स्वाहिलीत आजही नांदतात. १९०२ साली या बाजारात प्लेग शिरला. तो ओळखला डॉ. रोझेंदो आयरिश रिबेरो या गोमंतकीय वैद्याने. हे गृहस्थ रोग्यांकडे माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून जात! त्यांनी रोगाची वर्दी दिली आणि सरकारी डॉक्टराने हिंदी बाजार जाळावयास लावला. पुण्यातला १८९७ चा प्लेग आणि घरात शिरणारे सोजीर ज्यांच्या आज्यापणज्यांनी पाहिले, त्यांना या ज्वाळांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

रोग विझला, पण त्याचा युक्तिवाद उरला. गोऱ्यांची वस्ती वेगळी, हिंदी लोकांची वेगळी आणि आफ्रिकनांची तिसरीकडे, अशी शहराची फाळणी आरोग्याच्या नावाने मांडली गेली. १९१३ साली हा सल्ला देणारे प्रोफेसर सिंप्सन पूर्वी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते, हे विशेष. १९२३ च्या श्वेतपत्रिकेने शहरातील कायदेशीर फाळणी सोडून दिली. परंतु उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांकरिताच राखून ठेवली.

येथे आपला अभिमान थोडा तपासून घ्यावा, असे मला वाटते. ‘आमच्या लोकांनी नैरोबी उभारले’ हे वाक्य खरे आहे, पण पुरे नाही. त्या काळी हिंदी पुढारी गोऱ्यांच्या बरोबरीने उंचावरच्या जमिनी मागत होते. आणि त्या जमिनी होत्या किकुयूंच्या व मसाईंच्या! मूळ मालकाचे नाव दोघांच्याही अर्जात नव्हते. जाळलेल्या बाजाराचे दुःख आपले, तसा हा प्रश्नही आपलाच. जिवणजी यांनी १९०६ साली दिलेल्या बागेत बसून मी त्याचा विचार करणार आहे.

त्याचे उत्तर कृतीने देणारेही आपल्यांत निघाले. कामगार पुढारी माखन सिंग यांनी १९५० साली नैरोबीत जाहीर सभेत पूर्ण स्वातंत्र्य मागितले आणि अकरा वर्षांची स्थानबद्धता पत्करली. पियो गामा पिंटो १९२७ साली नैरोबीत गोमंतकीय घरात जन्मले. शिक्षण हिंदुस्थानात झाले आणि गोवामुक्तीच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला. पुढे केनियाच्या लढ्यापायी १९५४ पासून ते पाच वर्षे स्थानबद्ध राहिले. १२ डिसेंबर १९६३ ला देश स्वतंत्र झाला. २४ फेब्रुवारी १९६५ ला घराच्या फाटकाशी, मोटारीत लहानगी मुलगी असताना, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे ३७.

शहराच्या सीमेवरच १९४६ पासूनचे अभयारण्य आहे. सिंह तेथे एका सकाळीत दिसतील. त्याला अर्धा दिवस पुरे. परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला आपल्या विमानतळावर दाखवावा लागतो, तेव्हा निघण्यापूर्वी दहा दिवस तरी लस टोचून घ्यावी. शेवटची दुपार मी सिटी पार्कमधील पिंटोंच्या थडग्यासाठी राखली आहे. सिंह न दिसले तरी चालेल. पण ते थडगे न पाहता परतलो, तर थंड पाण्याचे हे गाव मी पाहिले असे म्हणणार नाही.