हर्राशीचं कूळ

आयपीएलच्या खेळाडूंची बोली लागते तेव्हा मराठी वर्तमानपत्रं 'लिलाव' छापतात आणि कानडी वर्तमानपत्रं 'हराजु'. हा कानडी शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मी चमकलोच. कारण हिंगोली, वसमत, सेनगाव, कळमनुरीकडच्या माणसाला तो परका नाही. आमच्याकडे मोंढ्यात माल नेला की त्याची 'हर्राशी' होते. बंगळुरूचा हराजु आणि आमची हर्राशी या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींचं माहेर अरबी 'हराज', म्हणजे चारचौघांत पुकारा करून चढत्या बोलीनं केलेली विक्री. आखाती देशांत आजही हाच शब्द चालतो.

तेव्हापासून माझं एक मत बनत गेलं आणि ते आता पक्कं झालं आहे. खेळाडूंचा लिलाव ही अमेरिकेतून उचललेली चीज आहे, असं आपण धरून चालतो. तसं नाही. अमेरिकेनं जगाला दिला तो ड्राफ्ट. लिलावाचं कूळ अरबी समुद्राच्या काठावर आणि दख्खनच्या बाजारपेठांत सापडतं.

ड्राफ्टची जन्मकथा बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये श्रीमंत संघच सगळी चांगली पोरं पळवायचे. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी तोड काढली: जो संघ तळाला, त्याला निवडीची पहिली पाळी. 8 फेब्रुवारी 1936 ला फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात नऊ संघ बसले आणि पाळीपाळीनं नावं उचलत गेले. पहिलं नाव निघालं जे बरवँगरचं, आणि तो त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. यात बोली कुठेच नाही, आहे ती फक्त पाळी. पुढे 1993 मध्ये तिथल्या खेळाडूंना करार संपल्यावर मनाजोगता संघ धरण्याची मोकळीक मिळाली. युरोपात तेच काम 1995 च्या बॉसमन निकालानं केलं. त्याच्याही आधी, 1893 पासून, इंग्लंडच्या क्लबांकडे खेळाडू 'रिटेन' करण्याची पद्धत होती. आपल्या लीगमधली रिटेन केलेल्यांची यादी त्याच पद्धतीची पणती.

म्हणजे माणूस संघात आणण्याच्या तीन रीती झाल्या: पाळी, खासगी करार आणि बोली. पहिल्या दोन गोऱ्यांच्या, हे मला मान्य आहे. तिसरीवर मात्र मी हक्क सांगतो.

त्यासाठी आधी गोव्यात जावं लागेल. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज 'लैलांव'वरून आला, याबद्दल फारसं दुमत नाही. आसगावात जन्मलेल्या सेबास्तियांव दालगादो या गोंयकार पंडितानं आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा जो मोठा ग्रंथ 1913 मध्ये काढला, त्यात तो आहे. शंका असेल त्यानं 'पाव' आठवावा. पोर्तुगीज 'पांव'चा जसा आपण पाव केला, तसाच लैलांवचा लिलाव. हिंदीनं तोच अनुनासिक 'म'कडे वळवून नीलाम केला, आणि तमिळांनी आद्य 'ल' गाळून 'एलम'. किनाऱ्याकिनाऱ्यानं हा शब्द पसरला आहे.

पण पोर्तुगिजांना तो कुठे मिळाला? इथे भांडण आहे. युरोपच्या इतर भाषांत या शब्दाला भावंड नाही. शेजारचे स्पॅनिश लोक लिलावाला 'आल्मोनेदा' म्हणत, आणि तोही अरबीच. सी. पी. ब्राउन या तेलुगूच्या कोशकारानं सुचवलं की लैलांव म्हणजे अरबी 'अल-इलाम': जाहीर करणं, दवंडी. 'हॉब्सन-जॉब्सन' या जुन्या कोशानं त्याचं मत नोंदवलं, पण त्याच दमात हेही सांगितलं की अरबी उसनवारीचे मोठे जाणकार डोझी आणि एंगेलमन यांनी हा शब्द आपल्या यादीत घेतलेलाच नाही. मी ब्राउनच्या बाजूचा. लिलावाचा आत्मा हातोड्यात नाही, पुकाऱ्यात आहे. ज्या व्यवहारात माणूस ओरडल्याशिवाय विक्रीच होत नाही, त्याचं नाव दवंडीवरून पडलं तर नवल कसलं?

आता ही विक्री दिसायची कशी ते पाहा. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 ते 1588 या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्यानं जुन्या गोव्याच्या सरळ रस्त्यावर, रुआ दिरैतावर, रोज सकाळी सात ते नऊ भरणाऱ्या लैलांवचं वर्णन करून ठेवलं आहे. शहरानं नेमलेले पुकारे अंगाखांद्यावर सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या लटकवून गर्दीतून ओरडत फिरत. कुणी मेला की त्याची चीजवस्तू शेवटच्या पैशापर्यंत तिथेच विकली जाई, मग तो व्हाइसरॉय का असेना. अरबी घोडे विकले जात. आणि माणसंही: गुलाम, बाया, बाप्ये, लहान, थोर. ज्याला जो पसंत पडेल त्यानं तो घ्यावा, जनावरासारखा.

हे वाचताना पोटात कालवतं. खेळाडूंच्या लिलावावर टीका करणारे 'ही माणसांची विक्री आहे' म्हणतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात या रस्त्याची सावली आहे हे मी नाकारत नाही. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की आजचा खेळाडू आपलं नाव स्वतः देतो, आपली मूळ किंमत ठरलेली पाहतो आणि वाढलेला पैसा त्याच्याच घरी जातो.

लैलांवातल्या घोड्यांकडे माझं लक्ष वेगळ्या कारणानं जातं. ते घोडे घाट चढून दख्खनच्या सुलतानांच्या पागांत जात. घोड्यांचे अरब सौदागर, पागांचे फारसी कारकून आणि बाजारातले मराठी-कानडी दलाल यांच्या तोंडी कोणता शब्द असेल? हराज. म्हणून बघा, लिलाव-एलम ही मंडळी किनाऱ्यानं आहेत, आणि हराजु, तेलुगूतला हर्राजु, हैदराबादी दखनीतला हर्राज, आमची हर्राशी ही मंडळी घाटावर, जुन्या बहमनी मुलखात. आमचा भाग 1948 पर्यंत निजामाकडे राहिला, म्हणून इथे हर्राशी टिकली आणि पुण्या-मुंबईकडे लिलाव जिंकला.

'ज'चा 'श' कसा झाला, हा आक्षेप येणारच. 'हर्राशी'चं नातं संस्कृत 'ह्रास'शी लावावं, असंही कुणाला वाटेल: कर्जबाजारी माणसाची भांडी विकली जातात, तो त्याचा ह्रासच. जोड सुंदर आहे, पण टिकत नाही. हर्राशीत धान्यवाल्याचा फायदाही होतो, आणि 'हराजी' हे रूप मराठीत जिवंत आहेच. माझ्या मते दखनी तोंडात शेवटचा 'ज' बोथट झाला आणि पुढे ऐकणाऱ्यानं त्याला ओळखीचा 'स', 'श' केला.

आता हिंगोलीच्या मोंढ्यात या. संत नामदेव हळद मार्केट यार्डात हंगामात सकाळी उभं राहिलं तर नाकात हळदीची धूळ जाते आणि कपड्यांना रंग धरतो. कांडी वेगळी, गट्टू वेगळा. खरेदीदार ढिगात हात घालतो, एक हळकुंड उचलतो, मोडतो. तुटताना आवाज कसा होतो, आतला गाभा किती गडद आहे, ओल राहिली आहे का, हे एका मोडीत कळतं. मग बीट सुरू होतं. अडत्या पुकारतो, भाव क्विंटलमागे चढत जातो, आणि शेतकरी शेजारीच उभा राहून प्रत्येक आकडा ऐकत असतो.

हे ऐकणं फुकट मिळालेलं नाही. पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत आणि ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. याला हत्ता पद्धत म्हणत. ती मोडायला कायदे लागले. त्याची सुरुवात आमच्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजात झाली. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं तिथला कापूस बाजार नियमात बांधला गेला. 1897 मध्ये वऱ्हाडाचा कापूस-धान्य बाजार कायदा आला, 1930 मध्ये निजामाच्या राज्याचा स्वतःचा, आणि 1963 चा महाराष्ट्राचा कायदा आजही चालू आहे. म्हणजे उघड हर्राशी नुसती जुनी वहिवाट नाही. रुमालाविरुद्ध ती भांडून मिळवलेली आहे.

आता प्रतिस्पर्धी मतं. सगळ्यात तगडं न्यूयॉर्कचं. 1980 मध्ये डॅनियल ओक्रंट आणि त्याच्या मित्रांनी एका फ्रेंच खानावळीच्या नावावरून 'रोटिसरी' नावाचा बेसबॉलचा कागदी खेळ काढला. प्रत्येकाच्या थैलीत ठरावीक रक्कम, आणि तेवढ्यात खऱ्या खेळाडूंवर बोली लावून काल्पनिक संघ बांधायचा. 20 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला तेव्हा प्रत्येक संघाच्या थैलीला अशीच मर्यादा होती, आणि हातोडा रिचर्ड मॅडली या ब्रिटिश लिलावकर्त्याच्या हाती होता. मग आमची हर्राशी राहिली कुठे, असं कुणी विचारेल.

थैलीची मर्यादा न्यूयॉर्कची, हे मी देऊन टाकतो. पण रोटिसरी हा कागदावरचा खेळ होता. खऱ्या खेळाडूवर खऱ्या पैशाची उघड बोली लावायची कल्पना अमेरिकेच्या एकाही मोठ्या लीगला पेलली नाही. ती भारतात आली आणि एका दिवसात रुजली. महेंद्रसिंग धोनी 15 लाख डॉलरला गेला तेव्हा कुणालाही नियम समजावून सांगावे लागले नाहीत. ज्या देशात प्रत्येक तालुक्याच्या गावी बीट पुकारलं जातं, तिथे ते समजावणार तरी कोणाला?

माझ्या हाती आणखी एक पुरावा आहे. आयपीएलमध्ये 2014 मध्ये 'राइट टू मॅच' आलं आणि प्रो कबड्डीत 'फायनल बिड मॅच'चं कार्ड. दुसऱ्यानं लावलेली शेवटची बोली जुन्या संघानं तेवढ्याच रकमेत उचलायची आणि आपला माणूस परत घ्यायचा. इस्लामी कायद्यातला 'हकशुफा' नेमका हाच. सहहिस्सेदारानं किंवा शेजाऱ्यानं तिऱ्हाइताला ठरलेल्या किमतीतच ती जमीन घ्यायची आणि त्याच्या जागी उभं राहायचं. अमेरिकी फुटबॉलमध्येही बरोबरीचा देकार देण्याचा हक्क आहे, तेव्हा थेट वारसा सिद्ध होत नाही. पण तिथला हक्क करारातल्या देकारावर चालतो. हातोडा पडल्यावर, भर सभेत, शेवटच्या आकड्यावर हक्क सांगणं हे मला हकशुफ्याच्याच घरचं वाटतं.

हे सगळं फुटबॉलवर घासून बघता येतं, कारण इंडियन सुपर लीगनं (आयएसएल) तिन्ही रीती वापरल्या. 2014 च्या पहिल्या हंगामात भारतीय खेळाडू ड्राफ्टनं वाटले गेले. 2015 च्या जुलैत मुंबईत दहा खेळाडूंची हर्राशी झाली, बाकीच्यांना ड्राफ्ट. सुनील छेत्रीची मूळ किंमत 80 लाख होती, मुंबई सिटीनं 1 कोटी 20 लाखांना घेतला. पण खरा आकडा युजिनसन लिंगडोहचा. साडेसत्तावीस लाखांवर पुकारा सुरू झाला आणि एफसी पुणे सिटीनं 1 कोटी 5 लाख मोजले. जवळजवळ चौपट. ड्राफ्टमध्ये खेळाडूचा भाव आधीच लिहिलेला असतो. लिंगडोहला आपली खरी किंमत कळली ती बोलीत.

2017 मध्ये पुन्हा ड्राफ्टच. जमशेदपूरनं अनस एडथोडिकाला 1 कोटी 10 लाखांना उचललं. त्याच वर्षी पुण्यानं विशाल कैथला राखून ठेवलं, पण संघाचा कणा रुमालाखालीच उभा केला: दिल्लीकडून खेळून 2016 चा सर्वाधिक गोल करणारा मार्सेलिन्हो आणि नॉर्थईस्टचा एमिलियानो अल्फारो, दोघेही थेट करारानं. प्रशिक्षक तर कायमच रुमालाखालचा सौदा. फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, आंतोनियो हाबास, रांको पोपोविच. पहिल्या चार हंगामांत चार वस्ताद, आणि त्यांच्यासाठी कुठल्याच सभेत पुकारा झाला नाही. पोपोविचच्या हाताखाली पुणे पहिल्यांदा बाद फेरीत पोचलं, हे खरं. मात्र 2019 मध्ये तो क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली.

2017 नंतर आयएसएलमध्ये ड्राफ्टही उरला नाही, हर्राशीही नाही. आता क्लब आणि एजंट आपसात ठरवतात, आणि बातमीत रकमेच्या जागी 'अघोषित' छापून येतं. कबड्डीकडे पाहा. 2014 मध्ये राकेश कुमार सर्वात महागडा ठरला, 12 लाख 80 हजारांना. 2023 मध्ये पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सनं 2 कोटी 60 लाखांहून जास्त लावले. गावातल्या मैदानावर दम घुमवणाऱ्या पोरालाही हे आकडे पाठ असतात आणि आपल्या चढाईला काय मोल आहे याचा अंदाज त्याला येतो. फुटबॉल खेळणाऱ्या पोराला तसा अंदाज घ्यायला आज काहीच नाही. उघड बोलीची परीक्षा फुटबॉलमध्ये एका वर्षी, दहा जणांवर झाली. तेवढ्यावर ती मोडीत काढणं मला पटत नाही. निदान बावीस वर्षांखालच्या मुलांसाठी तरी आयएसएलनं पुढच्या हंगामाआधी हर्राशी लावावी.