वाया गेलेल्या सकाळीचा इतिहास : ‘मेक’ ते ‘निंजा’

१/६
१९७६. अमेरिकेतील बेल लॅब्ज. स्टीव्ह जॉन्सन यांची सबंध सकाळ आपल्या प्रोग्राममधील चूक शोधण्यात गेली. चूक सापडेना, कारण ती आधीच दुरुस्त झाली होती. बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायचे तेवढे राहून गेले होते. दैवाला बोल लावीत ते स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले.

२/६
आदल्याच संध्याकाळी फेल्डमन यांच्यावरही हाच प्रसंग गुदरला होता. त्यांनी त्या शनिवार-रविवारी एक साधन सिद्ध केले : ‘मेक’. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे, हे प्रोग्रामरने एकदा लिहून ठेवायचे. ‘मेक’ फाइलींच्या वेळा ताडून पाहतो आणि जेवढे जुने झाले तेवढेच पुन्हा घडवतो. विसरण्याची भीती सरली, वेळही वाचला.

३/६
पुढे प्रकल्प अवाढव्य झाले. सी++मध्ये एका हेडर फाइलवर हजारो फाइली विसंबून असतात. तिच्यातील एक ओळ बदलली की त्या साऱ्या पुन्हा कंपाइल कराव्या लागतात. यावर दोन तोडगे निघाले. ‘सीकॅश’ पूर्वी कंपाइल केलेले फलित जपून ठेवतो आणि तोच मजकूर पुन्हा आला की ते तयार काढून देतो. २००२ मधील ‘डिस्टसीसी’ हे काम नेटवर्कवरील अनेक संगणकांत वाटून देतो.

४/६
तरीही एक दुखणे उरलेच. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणाऱ्या क्रोमियम ब्राउझरच्या सोर्स फाइली ३०,००० हून अधिक होत्या. एकच फाइल बदलली, तरी काय घडवायचे हे ठरवून काम सुरू होईपर्यंतच सुमारे १० सेकंद जात.

५/६
या प्रकल्पावर काम करणाऱ्या इव्हान मार्टिन यांनी ‘निंजा’ लिहिला. त्याच्या सूचना माणसाने हाताने लिहायच्याच नाहीत. कोणत्या प्लॅटफॉर्मवर काय करायचे, हा सारा विचार दुसरा प्रोग्राम आधीच करून ठेवतो. ‘निंजा’ ती यादी वाचतो आणि कामाला लागतो. १० सेकंदांचा विलंब एका सेकंदाच्या आत आला.

६/६
नऊ सेकंदांचे एवढे अप्रूप कशाला? कारण प्रोग्रामर दिवसातून कित्येकदा असा थांबतो आणि प्रत्येक वेळी हातातील विचाराचा धागा तुटू शकतो. ‘मेक’साठी फेल्डमन यांना २००३ मध्ये एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. संगणक कैक पटींनी वेगवान झाले, पण जॉन्सन यांचा प्रश्न आजही तोच आहे : नेमके काय बदलले, आणि तेवढेच पुन्हा कसे घडवायचे?