थांबावं कुठे?

आजीचा एक जुना फोटो मी मध्यंतरी स्कॅन केला. बुरशीचे ठिपके, ओरखडे, घडीची रेघ. संगणकावर बसून एकेक डाग पुसत गेलो. तासाभराने चेहरा लख्ख झाला आणि मग लक्षात आलं की कपाळावरचं गोंदणही गेलं! यंत्राच्या दृष्टीने तोही एक ठिपकाच होता.

त्या दिवसांत मी बीटापासून साखर कशी करतात त्याचा इतिहास वाचत होतो. तिथे हाच प्रश्न पानोपानी भेटत होता. साफ करायचं खरं, पण थांबायचं कुठे?

बीट म्हटलं की आपल्याला कोशिंबीर आणि लाल झालेली बोटं आठवतात. साखरेचं बीट पांढुरकं आणि जाडजूड असतं. त्यात साखर आहे हे १७४७ साली बर्लिनच्या आंद्रेआस मार्ग्राफने दाखवलं. बीट सुकवून त्याने पूड केली, ती मद्यार्कात उकळली, गाळली आणि काही आठवडे तशीच ठेवून दिली. बारीक खडे जमले. ही उसातलीच साखर कशावरून? त्याने खडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आकार तोच! रसायनशास्त्रातल्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी दिलं, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट.

पण शोध लागला म्हणून साखर लगेच वाण्याकडे आली नाही. त्याचा शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड याने पुढे बीटाची चांगली वाणं निवडली. प्रशियाच्या राजाच्या मदतीने १८०१ साली त्याने सायलेशियात कुनेर्नला (आता पोलंडमधलं कोनारी) कारखाना उभारायला घेतला. १८०७ मध्ये तो आगीत गेला. आखार्ड १८२१ साली वारला तो कफल्लक अवस्थेत. मधल्या काळात ब्रिटनशी लढताना फ्रान्समध्ये उसाच्या साखरेचा तुटवडा पडला, तेव्हा १८११ मध्ये नेपोलियनने ३२,००० हेक्टरवर बीट लावायचा हुकूम काढला. तो हरल्यावर गुलामांच्या कष्टांवर पिकलेली वेस्ट इंडीजची स्वस्त साखर परत आली आणि बीटाचे कितीतरी कारखाने बंद पडले. पुढे हा धंदा पुन्हा उभा राहिला, त्यात चांगल्या वाणांइतकाच रस साफ करण्याच्या कसबाचा वाटा होता.

बीटाचा कच्चा रस काळपट आणि गढूळ असतो. तो साफ करायची रीत मला फार आवडते. चुनखडी भट्टीत भाजली की चुना आणि कार्बन डायऑक्साइड असे तिचे दोन भाग होतात. रसात आधी चुन्याची निवळी नव्हे, दाट चुन्याचं दूध घालतात आणि मग तोच वायू सोडतात. भट्टीत ताटातूट झालेली चुनखडी रसात पुन्हा एक होते, आणि तिचा साका तळाशी बसताना बरीचशी घाण सोबत नेतो. (आपल्याकडे उसाच्या रसाला बहुतेक कारखान्यांत चुन्याबरोबर गंधकाचा वायू देतात.) खरी गंमत पुढे आहे. पहिल्या फेरीत वायू जास्त सोडला, तर साक्याने धरलेली घाण पुन्हा रसात विरघळते. म्हणून थोडा चुना शिल्लक असतानाच थांबायचं, गाळायचं, आणि उरलेला चुना दुसऱ्या फेरीत काढायचा. अति साफ करायला गेलं की पुन्हा घाण!

चित्रांच्या बाबतीतही तसंच आहे. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श याने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला. १७६ गुणिले १७६ ठिपके, बस्स. १९६४ मध्ये रेंजर ७ या यानाने चंद्राची चित्रं पाठवली, तेव्हा त्यांतले दोष संगणकाने काढले. ठिपके घालवायचा सोपा उपाय म्हणजे शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घ्यायची. पण त्याने कडाही पुसट होतात. सरासरीऐवजी चढत्या क्रमातली मधली किंमत घेतली तर कडा बऱ्याच वाचतात. तरी एखादा बारीक, एकटा, खरा ठिपका जातोच.

साखर कारखान्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. पाक पॅनमध्ये आटत असताना पॅनमन थेंबभर नमुना काचेवर घेऊन दाणे उजेडात बघतो. नको असलेले बारीक दाणे धरू लागले की त्याला कळतं. आता काही ठिकाणी हे काम सूक्ष्मदर्शक जोडलेला कॅमेरा करतो आणि दाण्यांची मापं संगणक काढतो. मार्ग्राफने जे डोळ्यांनी केलं, तेच. फक्त चित्रातला बारीक ठिपका हा डाग की नवा दाणा, हे त्याला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. आणि शिकवणारा बहुधा काच उजेडात धरणाराच असतो.

रसाचं एक आहे, वायू जास्त झाला की तो परत घेता येत नाही. माझं नशीब बरं, मूळ स्कॅन मी ठेवला होता. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा ओरखडे काढले आणि कपाळापाशी थांबलो. तिथे गोंदणाशेजारी बुरशीचे दोन ठिपके अजून आहेत. नक्की कुठला कोणता, हे सांगणारं घरात आता कुणी नाही. म्हणून तिन्ही राहू दिले.