पांसुकूल चीवर आणि जांभळा रंग

चांडाळाने काय नेसावे, हे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ठरवून दिले आहे: प्रेतावरील वस्त्रे. अंगावर लोखंडाचे अलंकार, जेवावयास फुटकी भांडी. मेधातिथी, कुल्लूक या मध्ययुगीन भाष्यकारांनी हा ग्रंथ प्रमाण मानून पुढे चालविला. हा दंडक वाचताना विनयातील ‘पांसुकूल’ हा शब्द आम्हांस आठवल्याखेरीज राहत नाही. उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचाव्यात, धुवाव्यात, रंगवून त्यांचे चीवर शिवावे, अशी ती प्रथा. जे वस्त्र एकावर लादले गेले, ते संघाने आपण होऊन स्वीकारले. शाक्य राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली यांचा वेष त्यामुळे एक झाला. पुढे जीवकाच्या विनंतीवरून तथागतांनी गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्यास अनुमती दिली. परंतु कापड तुकडे करून, मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे जोडूनच वापरावयाचे. कापलेल्या कापडाचा चोरालाही मोह होत नाही.

या चीवराचे मध्ययुगीन चीनमध्ये काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. तांग दरबारात रंग हीच पदाची ओळख होती. इ. स. ६३० च्या नियमानुसार पहिल्या तीन श्रेणींच्या अधिकाऱ्यांना जांभळा, चौथ्या-पाचव्यांना किरमिजी, सहाव्या-सातव्यांना हिरवा आणि आठव्या-नवव्यांना निळा. (आपला निळा तेथे सर्वांत खाली होता!) ६९० मध्ये वू त्स-थिएन सम्राज्ञी झाली. ती मैत्रेयाचा अवतार आहे, असे महामेघसूत्राच्या आधारे प्रतिपादणाऱ्या भिक्खूंना तिने जांभळी चीवरे बहाल केली. मग तो पायंडाच पडला. सुंग काळात तर राज्याने खजिना भरण्यासाठी हा मान पैसे घेऊन विकला. चिंध्यांच्या वस्त्रावर अशी दरबारी श्रेणी चढली. दोष एकट्या राजसत्तेचा, असे आम्हांस वाटत नाही. देणारा हात होता, तसे घेणारेही होते.

जपानमध्येही हा मान पोहोचला. तेथील झेन आचार्य दोगेन (१२००–१२५३) यांनी ‘केसा कुदोकु’ या चीवरविषयक लेखात टाकून दिलेल्या चिंध्यांचे वस्त्रच सर्वांत शुद्ध ठरविले आहे. परंपरा सांगते की, सम्राटाने पाठविलेले जांभळे चीवर त्यांनी दोनदा परत केले; तिसऱ्यांदा ठेवून घेतले, पण अंगावर कधी चढविले नाही.