बर्फ वितळतानाची दोन चित्रं

माघ सरत आला की आमच्या दारातल्या कडुनिंबाची पानं रोज सूपभर गोळा करावी लागतात. वसंत ऋतूचं वर्णन वर्गात मी कितीतरी वर्षं शिकवलं, पण आपल्याकडे तो येतो तो असा, आधी केर घेऊन. झाडू मारताना मला दरवर्षी एक चित्र आठवतं. ते इथलं नाही, रशियातलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात गावात रशियन पुस्तकांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे स्वस्तात मिळालेल्या एका चित्रसंग्रहात ते पहिल्यांदा पाहिलं.

चित्राचं नाव 'रूक पक्षी परत आले', साल १८७१. रूक म्हणजे आपल्या कावळ्याचाच भाऊबंद. थंडीत हे पक्षी दक्षिणेकडे जातात आणि मार्चमध्ये परततात. ते दिसले की तिथली माणसं समजतात, हिवाळा सरला. चित्रात पुढे मळलेला, वितळू लागलेला बर्फ, वाकड्यातिकड्या खोडांची बर्चची निष्पर्ण झाडं, त्यांवर घरट्यांभोवती पक्ष्यांची लगबग. मागे कुंपण, गावातलं चर्च, आणि त्यापलीकडे ओलसर शेतं. फुलं नाहीत, हिरवळ नाही. उंची जेमतेम ६२ सेंटिमीटर. पण पाहताना बोचरी, ओली हवा अंगाला लागते.

चित्रकार अलेक्सेई साव्रासोव्ह, जन्म १८३० चा, मॉस्कोचा. हे गृहस्थ पेशाने मास्तर होते, म्हणून मला जास्त जवळचे वाटतात. मॉस्कोच्या चित्र, शिल्प आणि वास्तुकलेच्या शाळेत १८५७ पासून ते निसर्गचित्रणाचा वर्ग घेत. १८७०-७१ चा हिवाळा त्यांनी व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्हल गावी काढला. तिथे त्यांची नुकती जन्मलेली मुलगी गेली, पत्नी आजारी पडली. त्यानंतरच्या मार्चमध्ये कोस्त्रोमा प्रांतातल्या मोल्वितिनो या साध्या खेड्यात त्यांना हे चित्र सापडलं. हे कळल्यावर मी ते चित्र पुन्हा काढून पाहिलं. आनंदाचं चित्र म्हणून पाहत होते, ते दुःख उरात ठेवून काढलेलं निघालं.

त्याच वर्षी गावोगाव प्रदर्शनं नेणाऱ्या पेरेद्विझ्निकी चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन पीटर्सबर्गला भरलं. त्यात हे चित्र गाजलं. मॉस्कोचे व्यापारी आणि संग्राहक पावेल त्रेत्याकोव्ह यांनी ते विकत घेतलं. आजही ते त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे. निसर्गचित्र म्हटलं की इटलीचे डोंगर आणि समुद्र, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. आपल्याच गावचा चिखलही चित्रात येऊ शकतो, हे साव्रासोव्ह यांनी दाखवून दिलं.

शिकवण्याची त्यांची रीतही तशीच. त्यांचा विद्यार्थी कोन्स्तांतिन कोरोविन पुढे मोठा चित्रकार झाला. त्याच्या आठवणींतले साव्रासोव्ह मुलांना सांगतात, बाहेर वसंत आलाय, इथे काय करताय, रानात जा. रंग आणि रेषा नंतर, आधी जे दिसतंय त्यावर जीव जडला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्गात एक अतिशय गरीब ज्यू मुलगा होता, इसाक लेव्हितान. १८६० चा जन्म. १८७५ मध्ये आई गेली, १८७७ मध्ये वडील. राहायला जागा नाही, रात्री कधी शाळेतच लपून झोपायचा. शाळेनं फी माफ केली. झारवर १८७९ साली हल्ला झाला, त्यानंतर मॉस्कोतून ज्यूंना हलवण्यात आलं, त्यात हाही शहराबाहेर गेला. अशा मुलाला साव्रासोव्ह यांनी हाताशी धरलं.

पण सरांचं स्वतःचं मात्र बिघडत चाललं होतं. दारू वाढली. पत्नी मुलींना घेऊन वेगळी झाली. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर १८८२ मध्ये शाळेनं त्यांना काढून टाकलं. पुढची वर्षं मॉस्कोच्या गरीब वस्त्यांतून गेली. पोटासाठी आणि दारूसाठी ते त्याच रूक पक्ष्यांच्या चित्राच्या नकला काढून मिळेल त्या किमतीला विकत. १८९७ च्या शरद ऋतूत गरिबांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. अंत्ययात्रेला त्रेत्याकोव्ह आणि शाळेचा दरवान, एवढेच होते असं सांगतात.

तोवर लेव्हितान नावारूपाला आला होता. १८९५ मध्ये त्यानं 'मार्च' हे चित्र काढलं. ऊन पडलेला बर्फ, त्यावर निळ्या सावल्या, अर्धवट उघडं दार आणि दाराशी बर्फावरच्या घसरगाडीला जुंपून ठेवलेला घोडा. उंच झाडावर पक्ष्यांसाठी टांगलेलं लाकडी घरकुल आहे, अजून रिकामं. मला उगीच वाटतं, गुरूच्या चित्रात आलेल्या पक्ष्यांची ते वाट पाहतंय.

साव्रासोव्ह गेल्यावर लेव्हिताननं वर्तमानपत्रात त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. रशियन निसर्गचित्राची खरी सुरुवात या माणसापासून झाली, हे त्यानं स्पष्ट मांडलं. तेव्हा तो स्वतः हृदयविकारानं आजारी होता. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, त्याच शाळेत निसर्गचित्रणाचा वर्ग घ्यायला तो उभा राहिला. १९०० साली चाळिशी गाठायच्या आधीच तोही गेला.

मंडळी, हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्या शाळेतही चित्रकलेचे एक सर होते. मुलांना नदीवर घेऊन जात. "झाड पाठ करून काढू नका रे, ते बघा, कसं उभं आहे," असं म्हणत. पुढे त्यांनाही ते व्यसन लागलं. गैरहजेरी वाढली. पालकांच्या तक्रारी आल्या. त्यांना कमी करावं अशा अर्जावर शिक्षकांच्या सह्या घेतल्या गेल्या, त्यात माझीही होती. तक्रारी खोट्या नव्हत्या, मुलांचं नुकसान होतच होतं. तरीही सही करण्याआधी एकदा त्यांच्या घरी जायला हवं होतं. ते मला सुचलं नाही असं नाही, धीर झाला नाही.

काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हा दहावा होऊन गेला होता. कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. मीही नाही, आणि मी तर मराठीची शिक्षिका.

त्यांच्या घरच्यांना नको वाटेल म्हणून नाव इथे घालत नाही. पण आमच्या शाळेत शिकलेली भाचरं-पुतणी हे वाचतात, त्यांना सर कोण ते कळलं असेलच. तुमच्यापैकी कुणाकडे नदीवर काढलेलं एखादं चित्र असेल, कोपऱ्यात सरांची तांबड्या पेन्सिलीची खूण असलेलं, तर मला जरूर कळवा. मी येऊन बघीन.